भाड्याने द्यायच्या फ्लॅटसाठी लोन: फिक्स्ड घ्यावं का फ्लोटिंग? (जुळे सोलापूर)

आसरा_चौक | १३ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार. घरचे सगळे गड्ड्यावर (सिद्धेश्वराच्या जत्रेला) गेलेत, मी एकटाच घरी कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय, म्हणून म्हणलं इथे विचारून बघावं.

जुळे सोलापुरात एक २ बीएचके बघितलाय. रीसेल आहे, आठेक वर्षं जुना, तिसरा मजला, लिफ्ट आहे, बोअर आहे. ३४ लाखाला ठरतोय. आम्ही वडिलांच्या घरातच राहतो त्यामुळे तिथे रहायला जायचं नाही, सरळ भाड्याने द्यायचा. त्या बिल्डिंगमध्ये ११ हजार भाडं चालू आहे. ९ लाख माझ्याकडचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी रजिस्ट्रेशन वेगळं, आणि २५ लाखाचं लोन २० वर्षांसाठी.

आता घोळ असा झालाय की दोन ऑफर हातात आहेत. एका सरकारी बँकेची फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा दर, आत्ता ८ टक्के, हप्ता २०,९११. दुसरी एका हाउसिंग फायनान्स कंपनीची, त्यांचा एजंट घरी येऊन चहा पिऊन गेला, तो म्हणतो "फिक्स्ड" ९.७५ टक्के, हप्ता २३,७१३, वीस वर्षं डोक्याला ताप नाही. बायको झेडपी शाळेत आहे, ती म्हणते फिक्स्ड घ्या, दर महिन्याला किती जाणार ते तरी कळेल. मित्र म्हणतो येडा आहेस का, फ्लोटिंगच घे, रेट उतरलेत. आणि वडील म्हणतात कर्जच घेऊ नको. त्यांची गिरणी बंद पडली तेव्हा सोसायटीचं कर्ज डोक्यावर होतं आणि ते फेडायला आईच्या पाटल्या गेल्या, त्यामुळे घरात कर्ज शब्द काढला की ते टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी एका खाजगी लॅबमध्ये आहे, वय ४२, पगार बरा आहे पण सरकारी नाही. काय करावं?

चादरवाला | १३ जानेवारी, रात्री ११:०५

मालक आधी मला एक सांगा, ३४ लाखाला ११ हजार भाडं म्हणजे वर्षाचे १ लाख ३२ हजार, चार टक्के पण पडंना झालेत की. आणि कर्ज ८ टक्क्यानं. म्हणजे आठ रुपये देऊन चार रुपये घेऊलालाव. आमच्या टॉवेलच्या धंद्यात असा सौदा कुणी केला तर त्याला कारखान्याच्या दारात उभं करत नाहीत. फिक्स्ड का फ्लोटिंग नंतर बघू बे, आधी हे घ्यायचंच कशाला ते सांगा.

आसरा_चौक | १३ जानेवारी, रात्री ११:१२

अण्णा बरोबर आहे तुमचं, पण मुलगी आता सहावीत आहे, पंधरा वर्षांनी एक फ्लॅट असावा हातात एवढाच विचार आहे. भाड्यातून हप्ता निघणार नाही हे मला माहिती आहे. महिन्याला १०-१२ हजार खिशातून घालायची तयारी आहे. त्याच्या वर गेलं तर मात्र ओढाताण होईल, म्हणून तर विचारतोय.

हिशोबी_माणूस | १४ जानेवारी, सकाळी ७:५०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. चादरवाले अण्णांचं म्हणणं खोडून काढता येत नाही, पण त्यांनी घ्यायचं ठरवलंयच तर हिशोब करू.

दोन हप्त्यांत फरक २,८०२ रुपये महिन्याला. वीस वर्षं सगळं जसंच्या तसं राहिलं तर फ्लोटिंगला एकूण साधारण ५०.२ लाख जातात, फिक्स्डला ५६.९ लाख. म्हणजे पावणेसात लाख रुपये तुम्ही "रेट वाढणार नाही" ह्या विम्याचा प्रीमियम म्हणून देताय. विमा महाग का स्वस्त ते रेट किती वाढतो आणि कधी वाढतो ह्यावर आहे. सुरुवातीच्या चार-पाच वर्षांत वाढला तर जास्त लागतं कारण तेव्हा मुद्दल सगळं शिल्लक असतं, पंधराव्या वर्षी वाढला तर कुणाला पत्ता पण लागत नाही.

आता टॅक्सचं. एजंट लोक हमखास सांगतात की भाड्याच्या घराचं व्याज पूर्ण वजा मिळतं, टॅक्स वाचतो. तुमचाच आकडा घेऊ. भाडं १,३२,०००, त्यातून महानगरपालिकेचा टॅक्स समजा ९,००० भरला तो वजा, राहिले १,२३,०००, त्याच्या ३० टक्के सरसकट वजावट म्हणजे ३६,९००, राहिले ८६,१००. पहिल्या वर्षीचं व्याज साधारण १ लाख ९८ हजार. म्हणजे घरभाड्यात १ लाख १२ हजाराचा तोटा दिसतो. आयकराच्या जुन्या रेजिममध्ये हा तोटा पगारातून वजा होतो, वर्षाला २ लाखापर्यंत. नव्या रेजिममध्ये पगारातून वजा होत नाही, भाड्यावर टॅक्स लागत नाही एवढंच. आणि नव्यात पगारदाराला १२ लाख ७५ हजारापर्यंत तसाही टॅक्स शून्य येतो. तुमचा पगार त्याच्या आत असेल तर टॅक्स वाचणार म्हणजे काय वाचणार? जे भरतच नाही ते कसं वाचेल? त्यामुळे ९.७५ चं जादाचं व्याज सरकार अर्धं देईल अशा समजुतीत राहू नका, पूर्ण तुमच्याच खिशातून आहे.

आसरा_चौक | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

बाप रे. एजंटने मला उलटं सांगितलं होतं. माझा पगार ९ च्या आसपास आहे, नवीन रेजिम. म्हणजे तो मुद्दाच गेला.

दुपारचं_ऊन | १४ जानेवारी, दुपारी २:१५

फ्लोटिंग घ्या म्हणणाऱ्यांनी माझी कथा ऐकावी.

जुलै २०२१. रेट पाताळात गेले होते, मला ६.७५ ने २५ लाख मिळाले, बरोबर तुमच्याएवढेच. हप्ता १९,००९. विजापूर रोडला फ्लॅट घेतला, भाडेकरू ठेवला, महिन्याला साताठ हजार खिशातून, म्हणलं झकास. मे २०२२ पासून रेट चढायला लागला. मला काही कळलंच नाही कारण हप्ता १९,००९ च राहिला. मला वाटलं आपल्याला लागू नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात दुसऱ्याच कामासाठी बँकेच्या अ‍ॅपवर स्टेटमेंट उघडलं तर शिल्लक मुद्दल २४ लाख २० हजार. दोन वर्षं हप्ते भरून २५ लाखातले ८० हजार गेलेत! खाली बघतो तर रेट ९.२५ आणि त्या महिन्याच्या १९,००९ मध्ये व्याज १८,६५० च्या वर, मुद्दलात जेमतेम साडेतीनशे रुपये. त्यादिवशी मी संध्याकाळी पार्क चौकात मित्रांना भेळ खायला घातली होती, त्याचं बिल ह्याच्यापेक्षा जास्त होतं.

बँकेत गेलो. मॅडमनी कॉम्प्युटरवर बघून शांतपणे सांगितलं की सर ह्या हप्त्याने तुमचं लोन अजून त्रेचाळीस वर्षं चालेल. मी तेव्हा ३९ चा. म्हणजे ब्याऐंशीव्या वर्षी मी कर्जमुक्त होऊन गड्ड्याला जाणार. त्यांची पण चूक नाही म्हणा, सिस्टीम हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवत जाते, ह्याचा एसएमएस आला असेल तर मी वाचला नव्हता. मग मुदत परत वीस वर्षांच्या हिशोबात आणायला हप्ता २२,९०० करावा लागला. सरळ ३,९०० ची वाढ, आणि भाडेकरूने मात्र त्या वर्षी ५०० च वाढवले, तेही कुरकुरत.

आसरा_चौक | १४ जानेवारी, दुपारी २:४०

हे वाचून घाम फुटला. बायकोला दाखवलं तर ती फक्त हसली.

निवृत्त_शाखाधिकारी | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:२०

मी चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच कर्ज विभागात. थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पहिली गोष्ट, दुपारचं ऊन ह्यांच्या बाबतीत जे झालं ते शंभर टक्के खरं आहे आणि लाखो लोकांच्या बाबतीत झालं. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, मे २०२० मध्ये ४ टक्क्यांवर आणला होता. ४ मे २०२२ ला ठरलेली बैठक नसताना तो ४.४० केला आणि पुढच्या नऊ-दहा महिन्यांत, फेब्रुवारी २०२३ पर्यंत, ६.५० वर नेला. अडीच टक्के. मग दोन वर्षं तिथेच. फेब्रुवारी २०२५ पासून उतरायला लागला, ६.२५, ६, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का खाली ५.५०, आणि डिसेंबरात ५.२५. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक रेपोलाच, बांधलेली असतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा रीसेट करावीच लागतात. म्हणून चढतानाही लगेच लागतं, उतरतानाही लगेच. आमच्या वेळी बँकेचा स्वतःचाच दर असायचा, आधी बेस रेट, नंतर २०१६ पासून एमसीएलआर, तेव्हा दर चढताना लिफ्टने जायचा आणि उतरताना जिन्याने, तेही प्रत्येक मजल्यावर दम खात.

दुसरी गोष्ट, रेपोवर बँक स्वतःचा स्प्रेड, म्हणजे वरचे जादा टक्के, लावते. तुमचे ८ टक्के म्हणजे ५.२५ अधिक २.७५. तुमचं क्रेडिट बिघडलं नाही तर हा स्प्रेड बँकेला तीन वर्षं वाढवता येत नाही. कमी मात्र करून मागता येतो आणि मागावाच. नवीन गिऱ्हाईकाला २.२५ आणि जुन्याला २.७५ असं सर्रास चालतं, जुना कधी येऊन विचारत नाही म्हणून.

तिसरी गोष्ट, आणि ही महत्त्वाची. हा रेपोचा नियम बँकांना आहे. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना नाही. त्यांचा स्वतःचा मूळ दर असतो, तो कधी किती हलवायचा ते त्यांच्या हातात. त्यामुळे तिथे फ्लोटिंगचा अर्थ वेगळा. आणि आता तो "फिक्स्ड". तुम्ही सँक्शन लेटर वाचलंत का? एजंटचं बोलणं नव्हे, कागद. त्यात फिक्स्ड किती महिने आहे ते बघा. वीस वर्षं अस्सल फिक्स्ड आपल्याकडे फार थोडे देतात. बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षं फिक्स्ड आणि पुढे "त्या वेळी प्रचलित दराने". काही ठिकाणी वीस वर्षं लिहितात पण खाली एक कलम असतं की बाजारात असाधारण बदल झाले तर कंपनी दर बदलू शकते. असाधारण कशाला म्हणायचं ते कंपनीच ठरवणार. कागद काढा आणि इथे लिहा.

आसरा_चौक | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:१०

काका कागद तर एजंटने दिलाच नाही अजून, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवलाय ज्यात रेट आणि हप्ता आहे. मागतो.

निवृत्त_शाखाधिकारी | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:२५

की फॅक्ट स्टेटमेंट मागा, नाव घेऊनच मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक रिटेल कर्जाला ते द्यावंच लागतं. सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर किती पडतो तो त्यात असतो. दोन्हीकडचं घ्या आणि शेजारी शेजारी ठेवा.

टेक्सासकर | १५ जानेवारी, सकाळी ६:०५

मी मूळचा सात रस्त्याचा, गेली अकरा वर्षं टेक्सासमध्ये. हा प्रश्न वाचून गंमत वाटली कारण इथे सगळं बरोबर उलटं आहे. इथे फिक्स्ड म्हणजे खरोखर तीस वर्षं फिक्स्ड, पहिला हप्ता आणि ३६० वा हप्ता एकच. लोकांचा डिफॉल्टच तो आहे. फ्लोटिंग म्हणजे इथली अ‍ॅडजस्टेबल, ती पहिली पाच किंवा सात वर्षं फिक्स्ड असते आणि नंतर हलते, पण तिलाही टोपी असते, म्हणजे एका वेळी किती वाढेल आणि एकूण किती वाढेल ह्याला मर्यादा, एकूण बहुतेक पाच टक्के. भारतातल्या फ्लोटिंगला अशी टोपी नसते हे मला दुपारच्या उन्हामुळेच कळलं.

२०२०-२१ मध्ये इथे तीस वर्षांचा रेट तीन टक्क्यांच्या आत आला होता. ज्यांनी तेव्हा रेंटल घेतलं ते आज राजे आहेत, २०२३ मध्ये तोच रेट पावणेआठपर्यंत गेला तरी त्यांचा हप्ता तोच आणि भाडं वाढत गेलं. भाड्याच्या घराला इथे स्वतःच्या घरापेक्षा अर्धा-पाऊण टक्का जास्त लावतात तरीही. म्हणून इथला कुणीही तुम्हाला फिक्स्डच घ्या सांगेल. पण इथले यूट्यूब व्हिडिओ बघून सोलापुरात निर्णय घेऊ नका, दोन्हीकडच्या फिक्स्डमध्ये फक्त नाव सारखं आहे.

निवृत्त_शाखाधिकारी | १५ जानेवारी, सकाळी ९:४०

चांगली माहिती. त्याचं कारणही सांगतो. अमेरिकेत कर्ज दिल्यावर बँक ते फॅनी मे, फ्रेडी मॅक ह्या कर्जं विकत घेणाऱ्या संस्थांना विकून मोकळी होते, तीस वर्षांची जोखीम रोखेवाल्यांवर जाते. आपल्याकडे बँक ते स्वतःच्याच पोटात ठेवते. आणि पोटात पैसा कुणाचा? तुमच्या आमच्या एक ते पाच वर्षांच्या एफडीचा. दोन वर्षांनी एफडीला जास्त व्याज द्यावं लागलं तर वीस वर्षं फिक्स्ड दिलेलं कर्ज गळ्यात अडकतं. म्हणून बँक एक तर देत नाही, किंवा एवढा जादा दर लावते की तुम्ही आधीच नुकसानीत. २००९-१० ला टीझर लोन आली होती आठवतं का, पहिली वर्षं आठ टक्के आणि पुढे बाजारभाव, लोक धावले होते. रिझर्व्ह बँकेने मग त्यावर बँकांना बुडण्याच्या शक्यतेसाठी जास्त पैसे बाजूला ठेवायला लावले आणि ती हळूहळू गेली. तुमचं हे फिक्स्ड दोन-तीन वर्षांचंच निघालं तर ते त्याच घराण्यातलं, फक्त इथे सुरुवातच महाग आहे.

लूम_नंबर_चार | १५ जानेवारी, सकाळी ११:००

मी ३ वर्षं फिक्स्ड वालं घेतलंय २०२२ ला, पस्तावलो नाही. माझं उत्पन्न दर महिन्याला वेगळं, ऑर्डर आली तर आली, मला पहिली तीन वर्षं एक आकडा पाहिजे होता. पगारदाराला गरज नाही. एवढंच.

कडक_भाकरी | १५ जानेवारी, दुपारी १२:३०

सगळे पुरुष पाव टक्का अर्धा टक्का करत बसलेत, भाडेकरूचं कुणी बोलतच नाही. माझे दोन फ्लॅट भाड्याने आहेत, एक जुळे सोलापूरमध्येच. भाऊ, ११ हजार गुणिले बारा हे फक्त कागदावर असतं.

तुमच्या फ्लॅटचं मी करून दाखवते. वर्षात दोन महिने रिकामे धरा, कारण अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की मेडिकलची पोरं निघून जातात, नवीन येईपर्यंत रंग काढायचा असतो, आणि शाळा सुरू झाल्यावर जूननंतर फॅमिली भेटत नाही. म्हणजे आले १ लाख १० हजार. सोसायटी मेंटेनन्स १,५०० प्रमाणे १८ हजार गेले, हिशोबी भाऊंचा पालिकेचा टॅक्स ९ हजार, एजंटची दलाली आणि गीझर नाहीतर मोटर मिळून १५ हजार. राहिले ६८ हजार. महिन्याला पडले ५,७०० च्या आत. आता बघा, ११ हजार आणि ५,७०० ह्यातला फरक ५,३००. तुमच्या फिक्स्ड आणि फ्लोटिंगचा फरक २,८००. मग जास्त झोप कशाने उडणार आहे?

दुपारचं ऊन भाऊंच्या गोष्टीत पण खरं दुखणं तेच आहे ना. हप्ता वाढला ३,९०० आणि भाडं वाढलं ५००. भाडेकरूला रेपो काय माहिती. त्याला पाणी माहिती. सोलापुरात पहिला प्रश्न हाच, पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी केवढी. मागच्या वर्षी माझ्या फ्लॅटची बोअरची मोटर मे महिन्यात जळाली, टँकर घालून घालून थकलो, शेवटी बिऱ्हाड गेलं. अडीच महिने कुलूप. २७ हजाराचं भाडं गेलं, त्यात तुमचा अख्खा वर्षभराचा पाऊण टक्का निघून जातो.

आणि अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करा, लीव्ह अँड लायसन्स, ऑनलाइन होतं. महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची आहे. नाही केलं आणि भांडण झालं तर भाडेकरू म्हणेल तेच खरं धरतात.

चादरवाला | १५ जानेवारी, दुपारी १:१०

ताई कडक. मी काय म्हणूलालो होतो पहिल्यापासून!

हिशोबी_माणूस | १५ जानेवारी, रात्री ९:१५

ताईंनी सगळा हिशोबच पालटला. मान्य. तर खिशातून किती जाणार ते परत मांडतो. फ्लोटिंगला २०,९११ वजा ५,६६७ म्हणजे साधारण १५,२००. फिक्स्डला १८,०००. तुम्ही म्हणला होता १०-१२ हजाराची तयारी. म्हणजे ९.७५ वालं तुम्हाला पहिल्याच महिन्यापासून ओढाताणीत टाकतंय. रेट वाढेल ह्या भीतीने आजच वाढलेला रेट भरायचा असं होतंय ते. ८ वरून ९.७५ ला जायला रेपो पावणेदोन टक्के वर जावा लागेल. जाऊ शकत नाही असं मी म्हणत नाही, दहा महिन्यांत अडीच गेलाय.

पण एक युक्ती सांगतो. फ्लोटिंग घ्या आणि जमेल त्या महिन्यात हप्ता २३,७१३ च भरा, फिक्स्ड घेतलंय असं समजून. रेट ८ च राहिला तर लोन २० वर्षांऐवजी १५ वर्षं ३ महिन्यांत संपतं, व्याजात जवळजवळ ७ लाख वाचतात. रेट वाढला तर तुम्ही आधीच जास्त भरत होता, अचानक धक्का नाही. आणि फ्लॅट रिकामा पडला त्या महिन्यात २०,९११ वर या. फिक्स्डमध्ये हे खाली येणंच नाही. शेवटचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात मोठा.

दुपारचं_ऊन | १५ जानेवारी, रात्री ९:४०

कागदावर छान आहे. पण जमेल त्या महिन्यात म्हणजे कुठल्याच महिन्यात नाही हे मी स्वतःवरून सांगतो. कधी लग्न, कधी दवाखाना, कधी गाडीचा इन्शुरन्स. त्यापेक्षा बँकेला लिहून देऊन हप्ताच वाढवून घ्या. मी २२,९०० केला तो केला. आता रेट ८ वर आला तरी खाली आणला नाही, बँक विचारत होती, मी म्हणलं राहू दे. आता माझं मुद्दल पळतंय.

हिशोबी_माणूस | १५ जानेवारी, रात्री ९:५५

मग रिकामे महिने कसे काढता?

दुपारचं_ऊन | १५ जानेवारी, रात्री १०:०२

डिपॉझिट खातो 😅

निवृत्त_शाखाधिकारी | १६ जानेवारी, सकाळी १०:१५

डिपॉझिट खाऊ नका हो, ते भाडेकरूचं आहे, परत द्यायचं असतं. असो.

मधला मार्ग आहे. हप्ता बँकेत वाढवून घेऊ नका, तो २०,९११ च राहू द्या. वरचे २,८०० वेगळ्या रिकरिंगमध्ये टाका. वर्षाला ३३-३४ हजार जमतात. त्यातले सहा हप्ते होतील एवढे कायम बाजूला ठेवा, त्याच्या वर जे साठेल ते वर्षातून एकदा मुद्दलात भरा. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतीआधी भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, हे २०१२ पासून आहे, आणि १ जानेवारी २०२६ पासून ह्याचे नवे एकत्रित नियम लागू झालेत, तिथेही हेच आहे. फिक्स्डला मात्र दंड लावायची मुभा आहे, दोन टक्के आणि त्यावर जीएसटी असं बऱ्याच ठिकाणी असतं. ५ लाख भरायला गेलात तर ११,८०० रुपये नुसते भरायची परवानगी म्हणून.

आणि रीसेटच्या वेळी बँकेकडून लेखी घ्या की रेट वाढला तर हप्ता वाढवायचा, मुदत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हा पर्याय निवडायचा हक्क कर्जदाराला दिलाय. त्यात फिक्स्डवर जायचा पर्याय पण द्यायला सांगितला होता, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून तो बँकेच्या मर्जीवर गेला, देईल किंवा नाही देणार. त्यामुळे "आत्ता फ्लोटिंग घेतो, वाढला की फिक्स्ड करून घेतो" ह्या भरवशावर राहू नका. कुठली बँक देते ते आधीच विचारा.

टेक्सासकर | १६ जानेवारी, रात्री ८:३०

काका हे सगळं छापून लॅमिनेट करून वाटायला पाहिजे.

आसरा_चौक | २१ जानेवारी, रात्री १०:५०

मंडळी, अपडेट. तीनदा फोन केल्यावर एजंटने कागद पाठवला. अकरा पानं. सातव्या पानावर सापडलं. "निश्चित व्याजदर पहिल्या हप्त्यापासून ३६ महिन्यांपर्यंत लागू राहील, तदनंतर कंपनीचा तत्कालीन प्रचलित दर लागू." खाली आणखी, मुदतपूर्व भरण्यावर शिल्लक रकमेच्या २ टक्के अधिक कर. मी एजंटला फोन केला, म्हणलं तुम्ही तर वीस वर्षं म्हणला होता. तर म्हणतो, "सर हप्ता वीस वर्षं आहे ना, तेच सांगत होतो मी." ह्यावर काय बोलणार.

बायकोला ते सातवं पान वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं, मग लाल पेन काढून ३६ महिने ह्याला गोल केला, पोरांच्या वहीत करते तसा, आणि काही न बोलता परत दिलं. फिक्स्ड संपलं आमच्या घरात.

सरकारी बँकेत जाऊन काकांनी सांगितलेलं स्प्रेडचं विचारलं. साहेब आधी म्हणाले सिस्टीममध्ये जे येतं तेच. मी म्हणलं नवीन गिऱ्हाईकाला कमी आहे असं ऐकलंय आणि मी नवीनच आहे. सिबिल (क्रेडिट स्कोअर) परत काढला आणि ७.८५ वर आणला. फिक्स्डवर जायचा पर्याय त्यांच्याकडे आहे का विचारलं, आत्ता नाही म्हणाले. हप्ता वाढवायचा का मुदत, ते अर्जावर हाताने लिहून सही शिक्का घेतला, साहेबांना गंमत वाटली.

आणि ताई, तुमच्यामुळे आणखी एक झालं. मी बिल्डिंगमध्ये रविवारी दुपारी जाऊन वॉचमनशी बोललो. बोअर एप्रिलमध्ये आटतो. टँकरचे पैसे वेगळे निघतात. मालकाला ते तोंडावर सांगितल्यावर ३४ चे ३३ झाले. आता लोन २४ च घेतोय.

चादरवाला | २१ जानेवारी, रात्री ११:०५

बघा! व्याजाच्या मागं लागून जेवढं वाचलं नसतं तेवढं वॉचमननं वाचवलं. त्याला गड्ड्यावरनं मिठाई आणा बे.

हिशोबी_माणूस | २१ जानेवारी, रात्री ११:२०

२४ लाख ७.८५ ने म्हणजे हप्ता २० हजाराच्या आत येतो. वडील काय म्हणाले?

आसरा_चौक | २१ जानेवारी, रात्री ११:३१

टीव्हीचा आवाज वाढवला. पण मग रात्री जेवताना विचारलं, आधी भरले तर दंड नाही ना? नाही म्हणलं. बरं म्हणाले.

आसरा_चौक | ९ मार्च, रात्री ९:४५

ताजं. ताबा मिळाला. आज पहिली फॅमिली बघायला आली, रेल्वेतला मुलगा आणि बायको. त्यांनी आल्या आल्या किचनचा नळ उघडून बघितला, मग बाथरूमचा, मग टाकी बघायला गच्चीवर गेले. १०,५०० म्हणताहेत, तीन वर्षं तरी बदली नाही म्हणे. काय करू ताई?

कडक_भाकरी | ९ मार्च, रात्री १०:०५

द्या. तीन वर्षं एकच बिऱ्हाड राहिलं तर महिन्याला ५०० सोडले तरी रिकाम्या महिन्यांत ते भरून निघतात. पण दर नूतनीकरणाला ५ टक्के वाढ आत्ताच लिहून घ्या, डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा कमी नको, आणि एप्रिलच्या टँकरचे पैसे कोण देणार ते अ‍ॅग्रीमेंटमध्ये आलं पाहिजे.